बायबलमधलं ओफीर म्हणजे नालासोपारा? माझं चुकलं, ऐका

हिंगण्यातून बोलतोय. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या, आमच्याकडे स्टुडिओ वगैरे काही नाही.

आजचा भाग माझ्याच एका चुकीवर आहे. मागच्या भागात बोलता बोलता मी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, की बायबलमध्ये ज्या ओफीरचं सोनं येतं, ते ओफीर म्हणजे आपलं नालासोपारा. चार दिवसांनी एका मुलीचा मेसेज आला. 'दादा, मी नालासोपाऱ्याची. कॉलेजमध्ये गावाचं नाव सांगितलं की सगळे हसतात. तुमची क्लिप मी पूर्ण ग्रुपवर टाकली, आता कोणी हसत नाही.' वाचून भारी वाटलं. मग रात्री डोक्यात आलं, अबे, पण तू हे तपासलं का? नव्हतं तपासलं. एका फॉरवर्डमधून उचललं होतं.

म्हणून आता तपासलं. जे सापडलं ते सांगतो.

हिब्रू धर्मग्रंथात, राजांच्या पहिल्या पुस्तकात गोष्ट अशी आहे. शलमोन राजा तांबड्या समुद्राच्या काठी एसयोन-गेबेर इथे जहाजं बांधतो. सोराचा राजा हिराम त्याला दर्यावर्दी माणसं देतो. जहाजं ओफीरला जातात आणि ४२० किक्कार सोनं घेऊन येतात. एक किक्कार म्हणजे साधारण ३० ते ३५ किलो, म्हणजे हिशेब १३-१४ टनांवर जातो. आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ओफीर कुठे आहे, किती दिवस लागतात, वाटेत काय लागतं, यातलं एक अक्षर तिथे नाही. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, सगळ्यांना माहीतच आहे. डॉक्युमेंटेशन न लिहिणारे लोक तेव्हापासून आहेत.

पुढे तर या नावाचा अर्थच बदलत गेला. ईयोबाच्या पुस्तकात एके ठिकाणी 'सोनं' हा शब्दच नाही, नुसतं 'ओफीर' म्हटलंय आणि समजायचं सोनं. आपण नाही का, 'पैठणी नेसली' म्हणतो, तेव्हा पैठण गाव कुणाच्या डोळ्यांपुढे येतं? तसं. बरं, ओफीर म्हणजे काही परीकथाही नाही. तेल अवीवजवळ तेल कसीले इथे खापराचा एक तुकडा सापडला, इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या आसपासचा. त्यावर 'ओफीरचं सोनं' आणि ३० शेकेल अशी नोंद आहे. एखाद्या कारकुनाने लिहिलेली, आपल्या पावतीसारखी.

मग सोपारा यात कुठून आलं? अलेक्झांड्रियात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून या ग्रंथांची ग्रीक भाषांतरं व्हायला लागली. त्यात ओफीरचं 'सोफीर' झालेलं दिसतं. पुढे पहिल्या शतकात जोसेफस नावाच्या यहुदी इतिहासकाराने लिहिलं, की सोफीर हिंदुस्थानात आहे. त्याच सुमाराच्या ग्रीक लिखाणात आपल्या सोपाऱ्याचं नाव 'सौप्पारा' असं येतं. सोफीर, सौप्पारा. शिवाय शलमोनाची जहाजं तीन वर्षांतून एकदा हस्तिदंत, माकडं आणि मोर आणतात, असंही त्या पुस्तकात आहे. माकडासाठी हिब्रू शब्द 'कोफ', आपला 'कपी'. जुळलं ना सगळं? मलाही असंच वाटलं होतं.

आता गडबड बघा. मूळ हिब्रू शब्दात 'स' नाहीच. तो 'स' शलमोनानंतर सहा-सातशे वर्षांनी ग्रीकमध्ये आला. म्हणजे अलेक्झांड्रियातल्या लोकांना त्यांच्या काळात काय वाटत होतं, एवढंच त्यावरून कळतं. जहाजं कुठे गेली ते नाही कळत. 'कोफ' शब्द इजिप्तच्या जुन्या भाषेतूनही आलेला असू शकतो. आणि उत्पत्तीच्या पुस्तकात ओफीरचं नाव शबा आणि हवीला यांच्यासोबत येतं, वंशावळीत भावंडं म्हणून, आणि ती मंडळी अरबस्तानाकडची. माझ्या मते सर्वांत वजनदार पुरावा हाच. फॉरवर्डमध्ये तो नसतो.

नुसत्या आवाजावर जायचं म्हटलं तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोझांबिकमध्ये सोफाला आहे. तिथेही सोन्याचा व्यापार होता आणि पोर्तुगीजांच्या काळात लोक त्यालाच ओफीर म्हणायचे. १५६८ मध्ये मेंदान्या नावाचा स्पॅनिश दर्यावर्दी पार पॅसिफिकमधल्या बेटांवर पोचला, आणि त्या बेटांना नाव पडलं सॉलोमन आयलंड्स. याच सोन्याच्या आशेपायी! मी एकदा नावं ऐंशी टक्के जुळली की दोन ग्राहकांची खाती एक करणारा कोड लिहिला होता. त्यावर खाल्लेल्या शिव्या अजून आठवतात. इथेही मी तेच करून बसलो.

आवाज जुळणं कधीच कामाचं नसतं असं नाही. एस्तेरच्या पुस्तकात पहिल्याच ओळीत एका पारशी बादशहाचं राज्य 'होदू'पासून कूशपर्यंत, १२७ प्रांतांवर, असं येतं. होदू म्हणजे हिंदुस्थान, आणि हे पक्कं आहे. कारण तिथे नियम आहे. आपला 'स' जुन्या फारसीत 'ह' होतो. सप्ताहातला सप्त तिकडे हफ्त, आणि त्यावरून आपल्या मोबाइलचा हप्ता. तसंच सिंधूचं हिंदू, आणि पुढे हिब्रूत मधला 'न' गळून होदू. वर दारयवहु बादशहाच्या शिलालेखांतही या प्रांताचं नाव आहे. फक्त तो प्रांत सिंधू नदीकडचा, कोकण नाही.

आता नालासोपाऱ्याच्या ताईसाठी. तुझी क्लिप खोटी पडली, त्याबद्दल सॉरी. पण ग्रुपवर आता हे टाक. तुझ्या गावाचं जुनं नाव शूर्पारक, महाभारतात आहे. शूर्प म्हणजे आपलं धान्य पाखडायचं सूप. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. आत दगडी पेटी निघाली, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सर्वांत आतला सोन्याचा. आणि त्यात काय होतं? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे! भिक्षापात्राचे मानून जपलेले. भोवती बुद्धाच्या आठ ब्राँझच्या मूर्ती.

त्याच साली तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा १९५६ मध्ये, जवळच्या भुईगावला. आठव्या लेखात अशोक म्हणतो, आधीचे राजे शिकारीच्या सहलींना जायचे, मी धर्मयात्रेला निघालो. लोकांना भेटतो, म्हाताऱ्यांना दान देतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ही गोष्ट दगडावर कोरून लोकांना कळवावी, एवढी वर्दळ तुझ्या बंदरात होती.

तो दगड आज मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. चर्चगेटला उतरून चालत जाता येतं. हसणाऱ्यांपैकी एकदोघांना सोबत ने.

आणि हो, हिंगण्याचं. हे नाव हिंगणाच्या झाडावरून आलं असं मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलोय. तेही तपासलेलं नाही. कोणाकडे जुना कागद, सातबारा, काहीही असेल तर पाठवा. भेटू पुढच्या भागात.