खुला पर्याय : धोरण की दिरंगाई?

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



इंग्रजीत एक वाक्प्रचार मुत्सद्द्यांच्या आणि संपादकांच्या तोंडी वारंवार येतो – 'कीप द ऑप्शन्स ओपन', म्हणजे पर्याय खुले ठेवा. एखादी वाट आज धरायची नसेल तर धरू नका. परंतु उद्या ती धरावी लागली तर आपल्याच हाताने तिला कुंपण घातलेले असू नये, असा त्याचा आशय.

मराठी मनाला हा विचार चटकन रुचत नाही. आपल्या कानावर लहानपणापासून वेगळी कथा पडलेली असते. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर तानाजी मालुसरे धारातीर्थी पडले, मावळ्यांचा धीर सुटला, आणि परतीचे दोर कापले आहेत असे त्यांना बजावण्यात आले. मग गड घेतला गेला. दोर कापणारा आपला नायक ठरतो. पर्याय खुले ठेवणारा मात्र आपल्याला दोन डगरींवर पाय ठेवणारा वाटतो. हा न्याय सर्वत्र लागू पडतो का? याचे उत्तर आपल्याच देशाच्या अणुधोरणात सापडते. कारण 'अणुपर्याय खुला ठेवणे' हे तीन दशके या देशाचे घोषित धोरण होते.

१९६२ च्या युद्धाची जखम ताजी असतानाच १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने लोप नोर येथे पहिला अणुस्फोट केला. भारताने काय करावे, यावर संसदेत आणि संसदेबाहेर मोठा वाद झाला. जनसंघाने अण्वस्त्राची मागणी लावून धरली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बॉम्बला होकार दिला नाही. परंतु शांततामय उद्देशाच्या भूमिगत स्फोटाचा अभ्यास करण्यास डॉ. होमी भाभा यांना अनुमती दिली. पुढे जानेवारी १९६६ मध्ये, अवघ्या तेरा दिवसांच्या अंतराने, देशाने शास्त्रीजी आणि डॉ. भाभा या दोघांनाही गमावले.

१९६८ साली अण्वस्त्रप्रसारबंदी करार स्वाक्षरीसाठी पुढे आला. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला ते अण्वस्त्रधारी, बाकीचे कायमचे अण्वस्त्रहीन, अशी त्याची विभागणी होती. स्वाक्षरी करणे म्हणजे दार लावून किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे होते. इंदिरा गांधींच्या सरकारने स्वाक्षरी केली नाही. त्या दिवशी भारताजवळ बॉम्ब नव्हता. होता तो केवळ नकार. मात्र पुढचे सारे त्या नकारावर उभे राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पर्याय केवळ 'नाही' म्हणण्याने खुला राहत नाही, त्याला सामर्थ्याचे खतपाणी घालावे लागते. तुर्भे येथील सायरस अणुभट्टी १९६० साली सुरू झाली, १९६४ मध्ये तेथेच प्लुटोनियम वेगळे करण्याचा प्रकल्प उभा राहिला. १८ मे १९७४ रोजी पोखरणच्या भूमीत जो स्फोट झाला, त्याचे प्लुटोनियम तुर्भ्याचे होते. हा स्फोट शांततामय कार्यासाठी आहे, असे सरकारने घोषित केले. क्षमता सिद्ध झाली. शस्त्र मात्र घोषित झाले नाही.

या धोरणाची किंमत मोठी होती. कॅनडाने सहकार्य थांबवले. राजस्थानातील रावतभाट्याची दुसरी अणुभट्टी आपल्या अभियंत्यांना स्वबळावर पूर्ण करावी लागली. अणुपुरवठादार देशांचा गट आपल्यावर डोळा ठेवूनच स्थापन झाला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील तारापूर केंद्राला इंधन देण्याचा अमेरिकेशी दीर्घ मुदतीचा करार होता. पण १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा करून ते इंधन अडवले. पुढे फ्रान्सकडून, नंतर चीन व रशियाकडून इंधन मिळवून तारापूर चालू ठेवावे लागले.

दडपण केवळ एका पक्षाच्या सरकारवर आले असेही नाही. जानेवारी १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर दिल्लीत आले, तेव्हा जनता पक्षाचे सरकार होते. भारतीय नेतृत्व सर्व अणुकेंद्रांची तपासणी मान्य करीत नाही हे पाहून, परत गेल्यावर कडक पत्र धाडावे लागेल, असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले. ते बोलणे ध्वनिक्षेपकाने टिपले आणि जगजाहीर झाले. मोरारजीभाई अण्वस्त्रांचे कट्टर विरोधक होते. तरीही परक्याच्या दडपणाखाली देशाचे दार बंद करण्यास त्यांनी नकार दिला. स्वतःला जो मार्ग पसंत नाही तोही पुढच्या पिढीसाठी मोकळा ठेवणे, याला मनाचा मोठेपणा लागतो.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. खुला पर्याय आणि भिजत घोंगडे यांत फार थोडे अंतर असते. १९७४ नंतर वर्षामागून वर्षे गेली. निर्बंधांचा जाच अण्वस्त्रधारी देशाला व्हावा तसा झाला, सुरक्षा मात्र अण्वस्त्रहीनाची राहिली. या काळात पाकिस्तानने चीनच्या साहाय्याने आपली तयारी पूर्ण केली. १९९५ च्या मे महिन्यात प्रसारबंदी करार अनिश्चित काळासाठी वाढवला गेला. डिसेंबरमध्ये नरसिंह राव सरकारची पोखरणमधील तयारी अमेरिकी उपग्रहांनी हेरली आणि चाचणी झाली नाही.

खरी कसोटी १९९६ साली आली. जीनिव्हात सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराची बोलणी चालू होती. नाव घेऊन निश्चित केलेल्या ४४ देशांनी मान्यता दिल्यावाचून करार अमलात येणार नाही, असे कलम घालण्यात आले. त्या यादीत भारताचे नाव होते. म्हणजे नकार देणाऱ्यालाच जगाच्या दोषारोपाचे धनी करण्याची ती योजना होती. देवेगौडा सरकारच्या वतीने राजदूत अरुंधती घोष यांनी एकटीने किल्ला लढवला. १० सप्टेंबर १९९६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत करार १५८ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. विरोधी मते होती भारत, भूतान आणि लिबिया यांची.

तेव्हा जाणवले, की दार आता फार काळ उघडे राहणार नाही. भारतीय जनता पक्षाच्या १९९८ च्या जाहीरनाम्यातील शब्द या दृष्टीने नेमके होते. पर्याय 'खुला ठेवू' असे न म्हणता तो 'वापरू' असे त्यात म्हटले होते. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पाच चाचण्या झाल्या. अटलजींनी निर्णय घेतला, कारण निर्णयाची वेळ आली हे त्यांनी ओळखले. मात्र तो घेता यावा म्हणून दार उघडे राखणारे हात अनेक होते. नरसिंह रावांच्या निधनानंतर, २००४ साली, अटलजींनी स्वतःच जाहीरपणे त्यांना या कार्याचे श्रेय दिले.

पुढेही हीच दृष्टी कामी आली. २००६ साली अमेरिकेशी नागरी अणुसहकार्याची बोलणी चालू असताना, जलद प्रजनक भट्ट्या परकीय तपासणीखाली येऊ नयेत, अशी भूमिका अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी उघडपणे मांडली. थोरियमचे मोठे साठे असलेल्या या देशाचा भविष्यातील ऊर्जामार्ग त्या भट्ट्यांतून जातो. अखेर २२ पैकी १४ अणुभट्ट्या तपासणीखाली आल्या; प्रजनक भट्ट्या बाहेर राहिल्या.

मित्रहो, या इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात. पर्याय राखायचा तर आधी मोहाला वा दडपणाला बळी पडून स्वाक्षरी करायची नाही. दुसरे, त्या पर्यायामागे रोजचे, मूक परिश्रम उभे करायचे. तुर्भ्याच्या प्रयोगशाळांत जे झाले ते नसते तर १९६८ चा नकार पोकळ ठरला असता. आणि तिसरे, सर्वांत अवघड, वेळ आली की निर्णय घ्यायचा. जो कधीच वापरायचा नाही, तो पर्याय नव्हे, सबब आहे. घरातील मुलांच्या शिक्षणापासून संस्थेच्या कारभारापर्यंत हे खरे आहे.

कोंढाण्याच्या कथेशी याचा विरोध नाही. दोर कापले गेले ते गडावर पोहोचल्यानंतर. पायथ्याशी असताना कोणी कापले नाहीत. आधी कडा चढण्यासाठी ते जपावेच लागले होते.

१९९८ नंतर भारताने आणखी चाचण्या न करण्याचे स्वेच्छेने घोषित केले आणि तो शब्द आजवर पाळला. चाचणीबंदी करारावर मात्र आजही भारताची स्वाक्षरी नाही. देशाने शब्द दिला आहे, किल्ली दिलेली नाही.