विजयानंतरची जागरूकता



१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका बालिकेला पोलिओचा पक्षाघात झाला. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा तो अखेरचा रुग्ण ठरला. त्याआधी २००९ साली देशात ७४१ रुग्ण आढळले होते. जगातील एकूण रुग्णांच्या जवळजवळ निम्मे!

हे परिवर्तन चमत्काराने घडले नाही. १९९५ पासून पल्स पोलिओ मोहिमेचे कार्यकर्ते घरोघरी, रेल्वे स्थानकांवर, वीटभट्ट्यांवर आणि कोसी नदीच्या पूरग्रस्त खोऱ्यातही पोहोचले. बालकांच्या करंगळीवरील शाईची खूण ही त्या तपश्चर्येचीच साक्ष होय. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

तथापि हा शत्रू छुपा आहे. विष्ठेवाटे बाहेर पडलेला विषाणू दूषित पाणी, अन्न वा हातांवाटे दुसऱ्याच्या आतड्यात शिरतो. बाधा झालेल्या सुमारे २०० जणांपैकी एखाद्यालाच कायमचे पंगुत्व येते. उरलेले नकळत त्याचा प्रसार करतात. पाकिस्तान व अफगाणिस्तानातून नैसर्गिक विषाणू अद्याप हटलेला नाही. शिवाय लसीकरण अपुरे असेल तिथे तोंडावाटे द्यावयाच्या लसीतील दुर्बल विषाणूही दीर्घकाळ पसरत राहून पुन्हा घातक बनू शकतो. २०२२ साली न्यूयॉर्कनजीक लस न घेतलेल्या एका तरुणाला अशाच विषाणूने पंगू केले.

रोग दिसेनासा झाला की लसीची निकड वाटेनाशी होते, आणि नेमका तिथेच धोका आहे. म्हणून हातांची स्वच्छता आणि शौचालयाचा वापर यांबरोबरच आपल्या व शेजारच्या बाळाची एकही मात्रा चुकणार नाही, एवढे व्रत प्रत्येक घराने घ्यावे.