उतारावरची गोणी
(हितचिंतकांच्या मेळाव्यात अभ्यासवर्गाच्या शिक्षकांनी केलेले भाषण)



आपल्यापुढे उभं राहिलं की वसतिगृहात मुलं किती, पास किती झाली, हे सांगायची पद्धत आहे. आज मी अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं एक गणित सांगणार आहे. घाबरू नका, फळा आणलेला नाही.

गणित असं आहे. ट्रकला टेकवलेल्या फळीवर ५० किलोची धान्याची गोणी आहे. फळी जमिनीशी ३० अंशांचा कोन करते. घर्षण गुणांक ०.२. गोणी किती त्वरणाने खाली घसरेल?

सातपुड्यातल्या एका पाड्यावरची मुलगी आमच्या वर्गात आहे. तिने या प्रश्नापुढे जागा कोरी सोडली आणि पेपर देताना म्हणाली, "सर, मी आर्ट्सला जाते." आर्ट्सला जाण्यात कमीपणा काहीच नाही. पण ही मुलगी लहानपणापासून डोक्यावर मोळी घेऊन डोंगर चढली-उतरली आहे. उतार तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मग तिला गणित का येऊ नये? विचार केला तेव्हा चूक माझी निघाली. मी वर्गात सूत्रं लिहून दिली होती आणि म्हटलं होतं, "एवढं पाठ करा."

दुसऱ्या दिवशी मी एक फळी आणली, तिचं एक टोक विटांवर ठेवलं आणि वर कंपासपेटी ठेवली. विचारलं, हिच्यावर कोणकोणती बलं आहेत? मुलांनी सांगितलं: पृथ्वी ओढते, फळी रेटते, घर्षण धरतं. एकजण म्हणाला, "आणि उतार खाली ढकलतो." इथेच पुष्कळ मुलं चुकतात. उताराचं असं वेगळं बल नसतं. पृथ्वी सरळ खालीच ओढते. त्या ओढीचा एक भाग फळीला दाबतो, दुसरा भाग उताराच्या दिशेने वस्तूला नेतो.

आता साइन कुठे आणि कोसाइन कुठे? पाठ करायची गरज नाही. फळी आडवी ठेवून पाहा. वस्तू घसरत नाही, म्हणजे नेणारा भाग शून्य. शून्य अंशाचा साइन शून्य असतो. म्हणून नेणाऱ्या भागाला साइन, दाबणाऱ्याला कोसाइन.

मग गणित सरळ सुटतं. गुरुत्वीय त्वरण १० धरलं तर गोणीचं वजन ५०० न्यूटन. उताराच्या दिशेने त्याच्या निम्मं, २५०. फळीवर दाब ४३३. घर्षण त्या दाबाच्या ०.२ पट, म्हणजे सुमारे ८७. ५०० च्या नव्हे, हेही मुलं विसरतात. २५० मधून ८७ गेले, १६३ उरले. त्याला ५० ने भागलं की त्वरण साधारण ३.३ मीटर प्रति सेकंद वर्ग.

त्या दिवशी मी सांगून टाकलं, "घर्षण नेहमी मागे ओढतं." तेव्हा ती मुलगी बोलली, "सर, मोळी घेऊन चढताना पाय मागं सरकायला बघतो. मग घर्षण त्याला पुढंच रेटत असणार ना?"

मी क्षणभर गप्प झालो. ती बरोबर होती. घर्षण चालण्याच्या उलट नसतं, घसरण्याच्या उलट असतं. गोणी खाली घसरते तेव्हा ते वरच्या दिशेने. गोणी वर ओढली की खालच्या दिशेने. मग एकसारख्या वेगाने ओढायला २५० अधिक ८७, म्हणजे ३३७ न्यूटन लागतात. आणि चढणाऱ्या पावलावर ते वरच्या दिशेने. तेव्हापासून आमच्या वर्गात पहिला प्रश्न ठरला: घर्षण नसतं तर वस्तू कुठे सरकली असती? उत्तर मिळालं की उलट बाण काढायचा. सूत्र नंतर.

मुलांनी आणखी एक गंमत केली. कंपासपेटी फळीवर ठेवून टोक हळूहळू उचललं. पेटी जेमतेम सरकू लागली तिथे थांबवलं. टोकाची उंची ३२ सेंटिमीटर, खालचं आडवं अंतर ८०. भागाकार ०.४. हाच पेटीचा आणि फळीचा घर्षण गुणांक. एक पट्टी पुरली, प्रयोगशाळा लागली नाही.

घाटातला रस्ता वळणावळणाने का जातो, तेही याच फळीवर कळलं. गोणी सरळ १ मीटर उचलायला ५०० न्यूटन. २ मीटरच्या फळीवरून घर्षणाशिवाय नेली तर २५०. जोर निम्मा, अंतर दुप्पट, काम तेवढंच: ५०० ज्यूल. घर्षण धरलं तर काम वाढून सुमारे ६७४ होतं. पण एका माणसाला न उचलणारी गोणी वर जाते.

गॅलिलिओने हेच केलं होतं. सरळ पडणारी वस्तू इतकी वेगात जाते की तिचा वेळ मोजता येईना. म्हणून त्याने तिरप्या खोबणीतून काशाचा गोळा सोडला आणि भांड्यातून गळणाऱ्या पाण्याने वेळ मोजला. दुप्पट वेळात गोळा चौपट अंतर जातो, हे त्याने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात मांडलं. उतारामुळे त्याला मोजायला वेळ मिळाला.

मुलांनाही तोच हवा असतो. ती मुलगी अजून विज्ञान शाखेत आहे. परवाच्या चाचणीत तिचा कोसाइन पुन्हा चुकला, पण बाण सगळे बरोबर होते. मी तिला निम्मे गुण दिले.

आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, अभियंते आहेत. वर्षातून एखादा शनिवार आमच्याकडे या. भाषण नको. फळीशेजारी मुलाजवळ बसा, विचारा, "हे कुठे सरकेल?" आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.