आडवी मूठ आणि मागितलेली दाद



१९३६ साली गांधीजी इथं राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. रेल्वेच्या वाटेवर, बुलढाण्याकडे, दुसरं शेगाव आहे, गजानन महाराजांचं. बापूंची पत्रं तिकडे जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये या गावाला सेवाग्राम हे नाव मिळालं. दोन ठिकाणांना एकच नाव असलं की टपाल भलत्या दारी जातं. आपल्या सॉफ्टबॉलच्या खेळात हेच घडतं आहे, म्हणून आपल्या पंचांच्या या सभेत अध्यक्ष म्हणून बोलायला मी हाच विषय घेतला.

क्षेत्ररक्षक धावणारीच्या वाटेत आली, त्याला आपण ‘अडथळा’ म्हणतो. धावणारी चेंडू उचलणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या आड आली, त्यालाही ‘अडथळा’च म्हणतो. नियमपुस्तकात ही दोन वेगळी कलमं आहेत, ऑब्स्ट्रक्शन आणि इंटरफिअरन्स. दोन्हींचे परिणाम उलटे आहेत. पहिल्यात खेळ चालू राहतो आणि धावणारीला संरक्षण मिळतं. दुसऱ्यात चेंडू तिथंच डेड होतो आणि बहुतेक वेळा फलंदाजी करणाऱ्या संघाचीच खेळाडू बाद होते. पंच नुसतं ‘अडथळा’ ओरडला, तर दोन्ही प्रशिक्षक एकाच वेळी मैदानात धावून येतात. त्यांचा काहीच दोष नसतो.

पहिल्या प्रकाराला आपण ‘अडवणूक’ म्हणू या आणि दुसऱ्याला ‘व्यत्यय’. हे शब्द आपल्या घरातलेच आहेत.

आता अडवणुकीकडे वळतो. क्षेत्ररक्षकाच्या हातात चेंडू नाही, फटकावलेला चेंडू ती अडवतही नाही, आणि तरी तिच्यामुळे धावणारीचं पाऊल अडखळलं, वळलं किंवा मंदावलं, तर ती अडवणूक. अंगाला अंग लागायलाच हवं असं नाही. रिकाम्या ग्लोव्हनं टॅग केल्याचं सोंगसुद्धा अडवणूकच. ‘सर, चेंडू येतच होता’ ही सबब अजून सर्रास ऐकू येते. चेंडू हातात येण्याच्या बेतात असलेल्या क्षेत्ररक्षकाला जुन्या नियमात सूट होती. ती आता नाही, पण शिकवण्यातून ती अजून गेलेली नाही.

अडवणूक दिसताक्षणी डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा, मूठ बंद. खेळ थांबवायचा नाही. मी नवा पंच असताना अशाच प्रसंगी दोन्ही हात वर करून डेड बॉल दिला होता. ती मुलगी सावरून होम प्लेटपर्यंत सहज पोचली असती. तिची धाव माझ्या घाईनं गेली, हे मला आजही बोचतं. मूठ आडवी ठेवायची आणि त्याच क्षणी मनात पक्कं करायचं : वाट मोकळी असती तर ही कुठपर्यंत पोचली असती? त्या बेसच्या आत ती बाद झाली तरच डेड बॉल द्यायचा आणि तो बेस तिला द्यायचा. चेंडू पुढे कुठं गेला हे पाहून मागाहून हिशेब जुळवू नये. दोन बेसमध्ये १८.२९ मीटर अंतर असतं, त्यात दोन पावलं गेली म्हणजे जवळजवळ सगळंच गेलं.

अडवणुकीत कुणी विचारायची वाट पाहायची नसते. खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं दिशा मोडली की पंच आपणहून शिट्टी वाजवतो, तसंच. जीव तोडून पळणाऱ्या मुलीनं थांबून तक्रार करावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

अपीलचं मात्र नेमकं उलटं. धावणारीनं बेसला पाय लावला नाही, उंच उडालेल्या चेंडूला क्षेत्ररक्षकाचा हात लागण्याआधीच बेस सोडला, किंवा फलंदाज क्रम सोडून खेळायला आली, हे पंचानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असलं तरी तो गप्प राहतो. चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही. क्रिकेटच्या कायद्यातही, फलंदाज बाद असला तरी, क्षेत्ररक्षकांनी विचारल्याशिवाय पंच बोट वर करत नाही. अपीलला मराठीत ‘दाद’ हा इतका नेमका शब्द असताना आपण तो कोर्टकचेरीला देऊन टाकला आहे. दाद मागावी लागते, आणि तीही वेळेत : पुढचा चेंडू पिचरच्या हातून सुटायच्या आत. तो सुटला की हक्क गेला. खेळ चालू असेल तर चेंडू घेऊन बेसला किंवा धावणारीला स्पर्श करायचा. चेंडू डेड असेल तर इन्फिल्डरनं तोंडी मागितली तरी पुरतं.

अडवणूक आणि दाद ही दोन्ही कलमं एकाच खेळीत एकत्र आली, तो प्रसंग सांगतो. मुलींचा शालेय सामना, काळ्या मातीचं मैदान. पहिल्या बेसवरची मुलगी उजव्या बाजूच्या फटक्यावर सुटली. दुसऱ्या बेसवरून वळताना तिचा बूट बेसपासून चार बोटं बाहेर पडला. मी पाहिलं. चार पावलांवर शॉर्टस्टॉप रिकाम्या हातानं वाटेत उभी. मुलगी तिला वळसा घालून गेली आणि माझी मूठ निघाली. तिसऱ्या बेसवर तिला टॅग झाला. मी डेड बॉल दिला आणि तिला तिसरा बेस दिला. टाळ्या पडल्या. पिचर चेंडू घेऊन वर्तुळात शिरत होती, तेवढ्यात दुसऱ्या बेसवरची बारकीशी मुलगी हात वर करून म्हणाली, ‘सर, हिनं माझा बेस सोडला होता.’ मी बाद दिलं.

प्रशिक्षक कळवळून म्हणाले, ‘आत्ताच तुम्ही बेस दिलात, आता बाद कसं देता?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. अडवणुकीनं तिला जिथं अडवलं गेलं, तिथलं संरक्षण मिळालं. बेसला क्रमानं पाय लावायचं बंधन त्यामुळे सुटत नाही. आणि बेस चुकला तो अडवणुकीच्या आधी, तिच्या स्वतःच्या पावलानं. मी हे त्यांना सांगितलं, मग त्या रडणाऱ्या मुलीलाही सांगितलं. त्या वेळी माझ्याजवळ चांगले मराठी शब्द असते, तर तिला ते लवकर समजलं असतं.

म्हणून दुपारच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे : या हंगामापासून शालेय सामन्यांत नाणेफेकीआधी पंचांनी दोन्ही संघांना अडवणूक, व्यत्यय आणि दाद हे तीन शब्द उदाहरणासह समजावून सांगावेत. पाच मिनिटं पुरतात.

उद्या सकाळी सात वाजता मैदानावर आपण हीच खेळी पुन्हा लावणार आहोत. शॉर्टस्टॉपच्या जागी मी स्वतः उभा राहतो, रिकाम्या हातानं, अगदी वाटेत. तरुण पंचांनी दुसऱ्या बेसजवळ यावं.