वर्गातील मदतनीस आणि शाळा सुटल्यानंतरचा वर्ग



वर्गात शिक्षकाच्या जोडीला आणखी कोणी असावे, ही कल्पना परदेशातून आलेली आहे असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. पंतोजींच्या शाळेत मोठा मुलगा लहानाकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेई आणि पंतोजी देखरेख करीत. अशीच रीत मद्रासकडे अँड्र्यू बेल या पाद्र्याच्या पाहण्यात आली. त्याने ती आपल्या देखरेखीखालील अनाथ मुलांच्या शाळेत चालविली आणि १७९७ मध्ये लंडन येथे तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे ती इंग्लंडात पुष्कळ गाजली व कालांतराने मागे पडली, कारण तीत घोकंपट्टी फार होती. मॉनिटर हा शब्द तेवढा मराठी शाळांतून, दंगा करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्यापुरता, उरला आहे.

मदतनीसाने काय करावयाचे हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यास मुंबईतील ‘बालसखी’ उपक्रम फार उपयोगी पडतो. ‘प्रथम’ या संस्थेने महानगरपालिकेच्या शाळांतून तो चालविला. बालसखी म्हणजे माध्यमिक शिक्षण झालेली, मुलांच्याच वस्तीतील तरुणी. तिला प्रारंभी सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे आणि महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. तिसरी-चौथीतील मागे पडलेली १५ ते २० मुले रोज सुमारे दोन तास ती वेगळी बसवी. रिकामी खोली नसेल तर पटांगणात, तेही नसेल तर व्हरांड्यात. ती पहिली-दुसरीचेच शिकवी: अक्षरे, साधे शब्द, संख्यावाचन, बेरीज, वजाबाकी.

२००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथे या कामाची काटेकोर तपासणी झाली. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी व एस्तर दुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बालसखीकडे गेलेली मुले स्पष्टपणे पुढे सरकली. परंतु शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे दुसरे एक फलित त्या तपासणीत आहे. ही मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला, तरी मागे राहिलेल्या मुलांच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पट कमी झाला म्हणून शिकणे वाढले नाही. मूल जेथे उभे होते तेथून त्याला शिकविले गेले, तेथेच ते वाढले.

मूल कोठे उभे आहे हे मात्र त्याच्या वहीवरून कळत नाही. चौथीतील एखादा मुलगा पाठ घडाघडा ‘वाचतो’. बोट मात्र दोन शब्द मागे असते. त्याच पानावरील ‘गाय’ हा शब्द वेगळा दाखविला की तो गप्प होतो. त्याला पाठ ऐकून पाठ झालेला असतो. म्हणून आधी अक्षर, मग शब्द, मग लहान उतारा, मग गोष्ट अशा पायऱ्यांनी एकेका मुलास जवळ घेऊन पाहावे. एका मुलास पाच मिनिटे पुरतात. पन्नास मुलांच्या वर्गात ही पाच मिनिटे शिक्षकास सापडत नाहीत. मदतनीसाचे पहिले काम येथेच आहे.

गणिताचेही तसेच. ४३ मधून १७ वजा करावयास सांगितले असता ३४ हे उत्तर पुष्कळ मुले लिहितात. ते निष्काळजीपणाचे नव्हे. ४ तून १ गेले ३, आणि ३ तून ७ जात नाहीत म्हणून ७ तून ३ काढले. मुलाने स्वतःपुरता एक नियम केलेला आहे. त्यावर लाल फुली मारून काही साधत नाही. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवाव्या व सतरा काड्या मागाव्या. सात सुट्या नाहीत हे त्याच्याच ध्यानी येते; तो आपण होऊन एक गठ्ठा सोडतो, तेरांतून सात देतो आणि उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक. हातात २६ उरतात. गठ्ठा त्याच्या हाताने सुटला पाहिजे. मदतनीसाने घाईने सोडून दाखविला तर ते उदाहरण सुटते, हातच्याची गोष्ट तेथेच राहते.

आता शाळेनंतरच्या वर्गाविषयी. पुष्कळ ठिकाणी त्याचे रूप गृहपाठ उतरवून घेण्याचे झाले आहे. मार्गदर्शिकेतील उत्तरे सुवाच्य अक्षरात वहीत येतात, पालक संतुष्ट होतात आणि मूल होते तेथेच राहते. हा वर्ग दिवसाच्या पाठाची पुनरावृत्ती करण्यासाठी नसावा. तो शिक्षकाने पैसे घेऊन चालविण्याचाही नव्हे. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम २८ नुसार शिक्षकास खाजगी शिकवणीस मनाई आहे. गावातील शिकलेली मुलगी किंवा मुलगा हेच येथे योग्य.

अडचण निराळीच आहे: मुले येत नाहीत. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये गावच्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालविले. अक्षरही न ओळखणारी जी मुले नियमित आली त्यांची चांगली प्रगती झाली. पण गावातील मुलांपैकी थोडीच आली. ज्याला गरज, तोच दुपारनंतर शेरडांमागे किंवा धाकट्या भावंडापाशी असतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, ती याच जाणिवेने. मुले जेथे होती तेथे शाळा गेली. वर्गाची वेळ शाळेच्या सोयीने ठरवू नये. धार काढण्यापूर्वी की नंतर, पाणी भरून झाल्यावर की आधी, हे त्या त्या घरी विचारावे. धाकटे भावंड सोबत आले तर त्याला हाकलू नये. त्याच्या हाती दोन चिंचोके द्यावेत.

मदतनीसाशी शिक्षकाने कसे वागावे याविषयी थोडे स्पष्ट बोलणे इष्ट आहे. तिच्याकडून हजेरीपटांच्या बेरजा करवून घेणे, आहाराचे तक्ते भरवून घेणे, पाहुण्यांसाठी चहा आणविणे हे प्रकार घडतात. मुले हे पाहतात, आणि मग तिचे ऐकेनाशी होतात. तिला मुलांसमोर ‘बाई’ म्हणावे. तिच्याकडे जाणाऱ्या मुलांना ‘ढ मुलांचा गट’ म्हणू नये, चेष्टेनेही नाही. हा शब्द एकदा वर्गात रुजला की मूल उठून तिच्याकडे जातच नाही, आणि सारा खटाटोप वाया जातो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे तिच्याजवळ बसून कोण कोठवर आला हे विचारावे. एखादा वाचू लागला असेल तर त्याला लगेच मूळ वर्गात परत घ्यावे.

या मुली फार दिवस टिकत नाहीत. मुंबईतही एक बालसखी सरासरीने वर्षभर राही. मग पुढले शिक्षण, लग्न किंवा दुसरी नोकरी. म्हणून प्रत्येक मुलामागे एक पान अशी वही पहिल्या दिवसापासून शाळेत असावी. तीत गुण नकोत. नव्याने येणाऱ्या मुलीला ती उघडताच एवढे कळावे: हातच्याशी कोण अडतो, अनुस्वार कोण गाळतो, आणि मोठ्याने वाचावयास कोण लाजते.