दारातला माणूस आणि पहिला नियम

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. तो पाठ करून आपण मार्क मिळवले. तरीही गाडी चालत राहायला सतत जोर लागतो, असं मनातून आपल्याला वाटतंच. ॲरिस्टॉटललाही तसंच वाटायचं, तेव्हा लाजायचं कारण नाही. न्यूटनने १६८७ साली पहिल्या नियमात उलट मांडलं: गती टिकवायला बल लागत नाही, बदलायला लागतं. लोकलचा मोटरमन याची साक्ष देईल. स्टेशन यायच्या बऱ्याच आधी तो वीज तोडतो आणि गाडी धावतच राहते, कारण पोलादी चाकाला पोलादी रुळाचा अडथळा फार थोडा. म्हणूनच थांबायलाही तिला लांब अंतर लागतं. रूळ ओलांडणाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

वेग वाढणं-कमी होणं म्हणजे गती बदलणं, हे सगळे सांगतात. दिशा बदलणंही त्यातच आलं, हे निम्मे विसरतात. मला आज त्यावरच बोलायचंय.

गाडीची दिशा बदलते ती वळणावर. १ मे १८५४ ला मुंबईची रेल्वे ठाण्याहून कल्याणला पोचली. खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामधून वाट काढायची म्हणजे वळणं आलीच. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळच्या अशाच वळणावर, समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले, काही दगावले. अपघाताच्या कारणांवर बरीच चर्चा झाली. मी फक्त वळणाचं गणित सांगतो.

वळणामुळे दारातल्या माणसाला बाहेर ढकलणारं बल कुठलंच नसतं. तो सरळच चाललेला असतो, गाडी त्याच्याखालून वळते. गाडीबरोबर वळायचं तर त्याला कुणीतरी आत ओढलं पाहिजे. समजा, वळणाची त्रिज्या ४०० मीटर आणि वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या: त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. साठ किलोच्या माणसाला साठ न्यूटन बल हवं, म्हणजे साधारण सहा किलोचं ओझं पेलण्याइतकं. आत उभ्या माणसाला ते जमीन देते. शिवाय बाहेरचा रूळ किंचित उंच ठेवलेला असतो, त्याचीही मदत होते. दारात अर्धंच पाऊल टेकलेल्याला ते दांड्याला धरलेल्या एका हातातून मिळवायचं असतं, पाठीवर सॅक आणि मागून रेटा असताना. वेग निम्मा केला, तर साठाचे पंधरा न्यूटन होतात. वळणावर वेगमर्यादा असते ती यामुळे.

अपघातानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवायचं रेल्वेने जाहीर केलं. भौतिकशास्त्राच्या बाजूने मला हे पटतं: लागणारं बल मग दार देईल, थकलेला हात नव्हे. मात्र बिगर-एसी डब्यात दार बंद झाल्यावर हवा खेळती ठेवायला छतातून आणि दाराच्या झरोक्यांतून सोय करावी लागेल.