समकोण आणि काटकोन



मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. पाठ चालू असताना मधेच थांबून, मुलांना काय कळलंय ते आपण शिक्षक कसं पाहतो?

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या दिल्लीतल्या सहावीच्या वर्गात साताऱ्याहून एक मुलगी आली. वडिलांची बदली झाली होती. मी हिंदीतून भूमिती शिकवत होते, विषय समकोणाचा. तास संपताना नेहमीसारखं विचारलं, “समझ में आया?” चाळीस गळ्यांतून “जी मॅडम” आलं, त्यात तिचाही आवाज होता. पुढे चाचणीत “समकोण काढा” असा प्रश्न आला. तिने एकासारखे एक असे दोन कोन नीट मोजून काढले, दोन्ही 50 अंशांचे. मी शून्य दिलं. चार दिवसांनी व्हरांड्यात ती हळूच म्हणाली, “बाई, सम म्हणजे सारखेच ना?” साताऱ्यात ती काटकोन शिकून आली होती. तिला 90 अंशांचा कोन येत होता, गुण्याही सहज वापरता येत होता. येत नव्हता तो फक्त माझा शब्द. माझा शब्द तिच्यापर्यंत पोचला नाही, हे कळायला मला चाचणी घ्यावी लागली आणि तिला शून्य घ्यावं लागलं.

त्या दिवशी विसाव्या मिनिटाला मी थांबले असते, “वहीच्या कोपऱ्यात एक समकोण काढा आणि वही वर धरा” एवढंच म्हटलं असतं, तर ते दोन सारखे कोन मला तिथेच दिसले असते. राहिलेल्या वीस मिनिटांत ती चूक सहज निघाली असती. कदाचित तिच्या शेजारच्या बाकावरचीही कुणी सुटली असती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की “समजलं का?” हा प्रश्नच नाही. त्याचं उत्तर द्यायला मुलाला आधी आपल्याला काय समजलं नाही हे समजावं लागतं, आणि तेच तर त्याच्याकडे नसतं. शिवाय “नाही” म्हणायला चाळीस जणांसमोर धीर लागतो. मग आपण हात वर करायला सांगतो. ठरलेले पाच हात वर येतात, त्यातल्या एकाचं उत्तर बरोबर निघतं आणि आपण पुढे सरकतो. उरलेल्या पस्तीस जणांबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नसतं.

मधला प्रश्न कसा असावा, याचं मला आवडणारं एक उदाहरण विज्ञानातलं आहे. गार पाण्याच्या स्टीलच्या ग्लासावर बाहेरून थेंब जमतात. ते पाणी कुठून आलं? मी चार उत्तरं फळ्यावर लिहायचे: ग्लासातून झिरपलं, काठावरून ओघळलं, थंडीचंच पाणी झालं, हवेतल्या वाफेचं झालं. बाष्पीभवन आणि संघनन यांच्या व्याख्या धडाधड म्हणणारी मुलंसुद्धा इथे “झिरपलं” म्हणतात. “थंडीचं पाणी झालं” म्हणणारीही बरीच निघतात. या दोन चुका वेगळ्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे. झिरपलं म्हणणाऱ्यांसाठी ग्लासात गार रूह अफ़ज़ाचं सरबत भरायचं. बाहेरचे थेंब बिनरंगी दिसतात आणि मुलं स्वतःच वाद घालू लागतात. थंडीवाल्यांसाठी दिल्लीची हवा मदतीला येते. एप्रिलअखेरच्या कोरड्या हवेत ग्लासावर कसेबसे थेंब येतात, श्रावणात तोच ग्लास टेबल भिजवतो. थंडी तेवढीच असेल तर पाणी कमी-जास्त का? हा दुसरा प्रश्न मी पुस्तकातून घेतलेला नाही. एका ऑगस्टमध्ये मुलांच्या चुका वाचता वाचता तो मला सुचला. चांगल्या प्रश्नातला चुकीचा पर्यायही असा कामाचा असतो, कारण मूल कुठल्या वाटेने चुकलं ते तो दाखवतो.

आता पाटीविषयी. आपण लहान असताना गुरुजी गणित घालत, “पाट्या वर” म्हणत आणि सगळा वर्ग एका नजरेत वाचत. त्या पाट्या आपण अडगळीत टाकल्या. आज इंग्लंडच्या शाळांत मुलांच्या हाती छोटे पांढरे फळे देतात आणि शिक्षक त्याच कामासाठी ते वर धरायला सांगतात. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या शिक्षणसंशोधकांनी 1998 मध्ये जगभरच्या संशोधनाचा आढावा घेऊन मांडलं, की शिकणं चालू असतानाच मिळालेल्या अशा माहितीवरून शिक्षकाने शिकवणं बदललं, तर मुलांची प्रगती चांगली होते, आणि मागे पडलेल्यांना त्याचा विशेष लाभ होतो. ‘शिकवणं बदललं तर’ या शब्दांवर माझा भर आहे. पाट्या पाहून ठरलेला पाठच पुढे रेटायचा असेल, तर त्या वर धरायला लावू नयेत.

आणि उत्तरासाठी थांबावं. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी शिक्षकांचे तास ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, असं त्यांना आढळलं. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद मनात मोजून पाहा. वर्गापुढे उभं असताना ते फार लांब वाटतात.

आपल्या राजधानीत या गोष्टीचं काय झालं, हेही बोललं पाहिजे. 2009 मध्ये सीबीएसईने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. महाराष्ट्राने आकारिक मूल्यमापन हा शब्द घेतला. शब्द चांगला होता, कल्पना त्याहून चांगली. पण सीबीएसईच्या चार आकारिक चाचण्यांना प्रत्येकी 10 टक्के भार मिळाला आणि त्या क्षणी त्या छोट्या परीक्षा झाल्या. प्रकल्पांच्या फायली फुगल्या, आई-वडील रात्री चिकटकाम करू लागले. 2017 मध्ये ती पद्धत गेली. माझ्या मते तिचं मर्म पहिल्याच वर्षी हरवलं होतं. मधल्या प्रश्नाला गुण देऊ नयेत. गुण आले की मूल चूक लपवतं, आणि आपल्याला तर ती चूकच पाहायची असते.

ही कल्पना तशी नवी नाही. याच दिल्लीत शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी आयुष्याची मोठी वर्षं दिली. कोल्हापूरच्या बहिरेवाडीचा हा माणूस 1964 ते 1966 च्या कोठारी शिक्षण आयोगाचा सदस्य-सचिव होता. त्या अहवालाने बाहेरच्या एका परीक्षेचं ओझं कमी करून शाळेच्या स्वतःच्या, अंतर्गत मूल्यमापनावर भर दिला. म्हणजे शिक्षकाच्या नजरेवर विश्वास ठेवला. नाईकांचा जन्म 5 सप्टेंबरचा. शिक्षक दिनी आपण त्यांचीही आठवण काढावी, अशी माझी विनंती आहे.

दिल्लीतल्या मराठी मुलांसाठी तर मधला प्रश्न अधिकच निकडीचा आहे. ही मुलं घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी ऐकतात. “चेष्टा करो”, म्हणजे प्रयत्न करा, म्हटल्यावर नव्याने आलेलं मूल टिंगल समजतं. ‘शिक्षा’ ऐकून त्याला शिक्षणाआधी छडी आठवते. मराठीतला अपूर्णांक इथे ‘भिन्न’ होतो, लसावि ‘लघुत्तम समापवर्त्य’ होतो. मूल मान डोलावतं, कारण शब्द ओळखीचे वाटतात. परक्या शब्दाला मूल अडखळतं तरी, त्यामुळे तो निदान लक्षात येतो. ओळखीचा वाटणारा शब्द गुपचूप फसवतो.

म्हणून आज एक काम हाती घेऊ या. दुपारच्या सत्रात प्रत्येकाच्या खुर्चीवर एक कोरी वही असेल. गेल्या महिनाभरात वर्गात मिळालेलं एक चुकीचं उत्तर, आणि ते चुकीचं का वाटलं नसावं हे मुलाच्या बाजूने, तीत लिहा. मुलाचं आणि शाळेचं नाव लिहू नका. विषय, इयत्ता आणि कुठला प्रश्न विचारल्यावर ते उत्तर बाहेर आलं, एवढं पुरे. पुढच्या मेळाव्यापर्यंत या वह्या एकत्र करून आपण त्यातले प्रश्न एकमेकांच्या वर्गांत वापरून पाहू.

माझ्या वहीतली पहिली नोंद मी सकाळीच केली आहे. सहावी, भूमिती, समकोण. खाली 50 अंशांचे दोन कोन काढले आहेत, तिने काढले होते तसेच.